साखर, शुद्ध आणि दुखणे : मधुमेही रुग्णाची पाहणी कशी करावी

आम्ही परिचारिका आहोत. औषध लिहून देणे हे डॉक्टरांचे काम; परंतु रुग्णाच्या उशाशी जास्तीत जास्त वेळ असतो तो आमचा आणि घरच्या माणसांचा. त्यामुळे बिघाडाची पहिली खूण दिसते तीही आम्हालाच. ती ओळखता आली तर माणूस वाचतो, निसटली तर पुढे मोठे दवाखाने गाठूनही उपयोग होत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने मधुमेही रुग्णाची आणीबाणी कशी ओळखावी आणि त्याच्या दुखण्याची विचारपूस कशी करावी, याबद्दल चार गोष्टी सांगण्याचा आमचा विचार आहे.

सुरुवात एका पौर्णिमेच्या रात्रीने करतो. साडेदहाच्या सुमारास तेल्हारा तालुक्यातील एका खेड्यातून साठी उलटलेल्या एका गृहस्थांना ऑटोत घालून आणले. अंग घामाने चिंब, बोलणे अडखळत, मधूनच हातपाय झाडणे. सोबतच्यांपैकी कोणी म्हणे वारं लागलं, कोणी म्हणे लकवा मारला, आणि एकाने हळूच सांगितले, "घेतली असंल थोडी." त्यांची पत्नी मात्र रडत म्हणत होती, "बाई, हे आयुष्यात प्याले नाईत. आज तं उपोसथ होता." त्या एका शब्दाने उलगडा झाला. बुवांनी अष्टशील घेतले होते, दुपारी बारानंतर अन्नाचा कण घेतला नव्हता, पण संध्याकाळची मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतली होती. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर पाहिले. साखर ३८. शिरेतून डेक्स्ट्रोज दिले आणि काही मिनिटांत बुवांनी डोळे उघडून "मी इथं कसा?" असे विचारले.

घरची मंडळी लगेच घरी न्यायला निघाली. डॉक्टरांनी जाऊ दिले नाही, आणि तेच बरे झाले. पहाटे चारला साखर पुन्हा ५२ वर आली. ग्लिबेनक्लामाईडसारख्या गोळीचा अंमल एका सलाईनने संपत नाही, तो चोवीस तास आणि कधी त्याहूनही अधिक टिकतो. त्या रात्री बुवा घरी झोपले असते तर सकाळी उठले असते की नाही, सांगता येत नाही. दारूचा संशय धरून त्यांना ओसरीवर झोपवून ठेवले असते, तरीही तेच.

हा आजार आता परका राहिलेला नाही

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत आता सोडून द्यावी. कापूस वेचणारी बाई, हमाल, निवृत्त शिक्षक, सर्वांच्या घरी तो आहे.

आपल्या समाजाला तर या आजाराची ओळख फार जवळून आहे. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांची झोप उडवली होती. घटनेच्या मसुद्याचे प्रचंड काम चालू असताना ते इन्सुलिन घेत होते. मुंबईत उपचारांच्या काळातच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. पुढे माईसाहेबांनी पथ्य आणि औषधपाणी सांभाळले. १९५४ साली कित्येक महिने बाबासाहेबांना अंथरुणाला खिळून राहावे लागले, दृष्टीही मंदावली. आज आपण घटना वाचतो, पण ती लिहिणाऱ्याचे पाय रात्री ठणकत होते, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

त्या काळी साखर मोजण्याचे साधनही तोकडे होते. लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग पाहायचा. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी, जितका रंग चढेल तितकी साखर जास्त. पण रंग निळाच राहिला तर साखर ठीक आहे की धोक्याइतकी खाली गेली आहे, हे त्यावरून कळत नसे. आज बोटाच्या एका थेंबावर काही सेकंदांत आकडा मिळतो. एवढी सोय हाताशी असताना अंदाजाने ठरवणे हा गुन्हाच समजला पाहिजे.

आणीबाणी दोन प्रकारची

पहिली, साखर खाली जाण्याची. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की सावध व्हावे, ५४ च्या खाली गेली की धोका गंभीर समजावा. ही अवस्था मिनिटांत येते. थंड घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे, मग झटके व बेशुद्धी. जेवण चुकणे, नेहमीपेक्षा जास्त कष्ट, गोळी वा इन्सुलिन दोनदा घेणे, मूत्रपिंड कमजोर असणे, ही नेहमीची कारणे.

दुसरी, साखर फार वाढण्याची. हिचेही दोन मार्ग आहेत. इन्सुलिनवर असलेली मुले व तरुण यांनी इन्सुलिन बंद केले, किंवा ताप-जंतुसंसर्ग झाला, की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोनचे आम्ल साठते. तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, आणि खोल, जोरजोराचा श्वास. या श्वासाचे वर्णन जर्मन वैद्य कुसमॉल यांनी १८७४ साली केले, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. दुसरा मार्ग वयस्कर माणसांचा. त्यांची साखर कित्येक दिवस हळूहळू चढत ६०० च्या वर जाते, शरीर कोरडे पडते, जीभ लाकडासारखी होते, माणूस गुंगीत जातो. घरचे म्हणतात, "बुढी दोन दिवसांपासून झोपूनच रायते." ही झोप नव्हे, हे ओळखावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही. अशा दिवसांत म्हाताऱ्या माणसाचे पाणी पिणे कमी झाले की ही दुसरी अवस्था लवकर गाठते.

हल्ली मिळणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णाच्या रक्तात आम्ल साठले तरी साखरेचा आकडा फारसा चढलेला नसतो. म्हणून उलट्या आणि जोराचा श्वास असेल तर केवळ आकडा बरा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. अशी कोणती गोळी चालू आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पाहणीचा क्रम

नव्या मुलींना शिकवताना आम्ही पाहणीचा क्रम पाठ करून घेतो. गडबडीत बुद्धी चालत नाही, सवय चालते.

१) शुद्ध : रुग्ण जागा आहे का? हाकेला ओ देतो का? चिमटा घेतल्यावर हलतो का? की कशालाच प्रतिसाद नाही? या चार पायऱ्यांपैकी कोणती, ते वेळेसह लिहावे. "रुग्ण सुस्त आहे" एवढे लिहून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही.

२) श्वास : पूर्ण एक मिनिट मोजावा. खोल आहे की उथळ, वास येतो का, तेही पाहावे.

३) कातडी : ओली व गार असेल तर साखर कमी असण्याचा संशय घ्यावा. कोरडी, जीभ सुकलेली, चिमटीत धरलेली कातडी लवकर खाली बसत नसेल तर साखर वाढल्याचा. परंतु हा केवळ संशय, निदान नव्हे.

४) साखर : अर्धांगवायू वाटो, झटका वाटो, दारू वाटो, वेड वाटो, बदललेल्या प्रत्येक माणसाची साखर आधी मोजावी. बोट साबणाने धुऊन पुसावे. गूळ-साखर लागलेल्या हाताने आकडा खोटा चढतो. यंत्रावर आकड्याऐवजी 'लो' किंवा 'हाय' उमटले तर यंत्र बिघडले असे समजू नये, ती धोक्याची घंटा आहे.

५) नाडी, रक्तदाब, ताप, लघवी : दर तासाला. साखर फार वाढलेल्या रुग्णाला आधी सलाईनने पाणी भरून काढावे लागते. इन्सुलिन शिरेतून सुरू करण्यापूर्वी रक्तातील पोटॅशियम पाहावे लागते, कारण इन्सुलिनने ते आणखी खाली जाते आणि हृदयाची गती बिघडते. साखर २५० च्या आसपास उतरली की डॉक्टर सलाईनसोबत डेक्स्ट्रोज जोडतात. हे सर्व वेळेवर व्हावे यासाठी परिचारिकेचा तासातासाचा तक्ता चोख असावा लागतो.

६) विचारपूस : शेवटचे जेवण कधी? कोणती गोळी, किती वाजता? ताप, जखम, उलटी? आणि कोठे दुखते?

आता सहावा मुद्दा सविस्तर घेऊ, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होते.

दुखणे विचारल्याशिवाय कळत नाही

अमेरिकेतील परिचारिका मार्गो मॅकॅफरी यांनी १९६८ साली मांडले की, दुखणे किती आहे हे ज्याला दुखते तोच सांगू शकतो, आणि त्याचे सांगणे खरे मानूनच शुश्रूषा सुरू व्हावी. परिचारिकांच्या शिक्षणात ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. तरीही वॉर्डात आपण सहज म्हणून जातो, "एवढं काही नाही, उगीच ओरडतात." जो ओरडतो त्याला नाटकी ठरवतो, आणि जो सोसतो त्याला दुखतच नाही असे धरून चालतो. आपल्या बाया-माणसांना तर सोसण्याचीच सवय. कष्टकऱ्याला दुखणे सांगायलाही संकोच वाटतो.

पुस्तकात दुखणे शून्य ते दहा या आकड्यांत विचारायला सांगितले आहे. खेड्यातल्या आजीला हे जमत नाही. आम्ही तिला रुपया-आण्यांत विचारतो. "आजी, सगळ्यात जास्त दुखणं म्हणजे सोळा आणे. आता किती आणे आहे?" ती लगेच सांगते, "बारा आणे." औषधानंतर तासाभराने पुन्हा विचारावे. "आता चार आणे रायलं बाई." हिशेब पक्का, आणि तिच्या बोलीतला. मग दुखण्याची जात विचारावी. ठणका आहे की कळ, चमक निघते की आग होते, मुंग्या येतात की सुया टोचतात? रात्री वाढते की चालताना?

मधुमेहात या उत्तरांना फार अर्थ असतो. दोन्ही तळपायांची रात्री आग, मुंग्या, पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणे, ही मज्जातंतूंची वेदना. चालताना पोटरीत गोळे येणे आणि थांबल्यावर उतरणे, हा रक्तपुरवठा कमी झाल्याचा इशारा. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. दुकानातून आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्यांनी मज्जातंतूंची आग फारशी शमत नाही, मात्र त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडांवर घाला पडतो. सांधेदुखीच्या ज्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कार होतो, त्यांत स्टिरॉईड असण्याची शक्यता असते, आणि स्टिरॉईडने साखर भडकते.

पोटदुखीचेही तसेच. साखरेमुळे रक्तात आम्ल साठलेल्या मुलाचे पोट इतके दुखते की अपेंडिक्स वाटावे. म्हणून उलट्या व पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाची साखर पाहावी, मधुमेह आधी माहीत नसला तरीही.

जो बोलू शकत नाही त्याचे दुखणे चेहऱ्यावर वाचावे. कपाळाच्या आठ्या, कण्हणे, कूस बदलताना आवळलेली मूठ, पुन्हा पुन्हा एकाच जागी जाणारा हात.

न दुखणारे दुखणे

येथे आमची एक चूक सांगणे कर्तव्य समजतो. फार वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीला, एका रुग्णालयात कापूस वेचणाऱ्या एक मावशी तापासाठी दाखल झाल्या. साखर बरीच वाढलेली. उजव्या पायाला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. आम्ही विचारले, "मावशी, पाय दुखतो का?" त्या हसून म्हणाल्या, "नाई बाई, काईच नाई दुखत." आम्ही कागदावर 'वेदना नाही' असे लिहिले आणि पुढच्या खाटेकडे गेलो. चिंधी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी वास आला तेव्हा सोडली. पऱ्हाटीचे धसकट तळव्यात मोडून आत राहिले होते, पायाची बोटे काळी पडली होती. तीन बोटे काढावी लागली. तो एक दिवस आमच्या हातून गेला. आमचा प्रश्न बरोबर होता आणि त्यांचे उत्तरही खरे होते. पण मधुमेहात 'दुखत नाही' हे उत्तर समाधानाचे नसून काळजीचे असते, हे आम्हाला तेव्हा उमगले नव्हते.

तेव्हापासून मधुमेही रुग्ण कशासाठीही येवो, आम्ही दोन्ही पाय उघडे करून, बोटांच्या बेचक्यांसह पाहतो. संवेदना पाहण्यासाठी दवाखान्यात नायलॉनचा दहा ग्रॅम दाबाचा धागा असतो. तो नसेल तर इंग्लंडातील इप्सविच येथे रूढ झालेली साधी रीत घरीही करता येते. रुग्णाने डोळे मिटावेत. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच बोट टेकवावे, दाबू नये. सहापैकी दोन वा अधिक जागी स्पर्श कळला नाही तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. अशा माणसाने अनवाणी वावरात जाऊ नये, आणि गरम विटेने वा पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. भाजले तरी त्याला कळणार नाही.

हीच गोष्ट हृदयाची. मधुमेही माणसाला, विशेषतः वयस्कर माणसाला, छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. एकाएकी दम लागणे, घाम, मळमळ, गळून जाणे, एवढेच दिसते. अशा वेळी साखर मोजावीच, पण ती ठीक निघाली म्हणून "गॅस झाला" असे ठरवून मोकळे होऊ नये. हृदयाचा आलेख काढावा.

घरच्यांसाठी

साखर कमी वाटली आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, वाढली नसेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी किंवा पोळी खाऊ घालावी. यंत्र नसेल तरी साखर देण्यास थांबू नये. साखर आधीच वाढलेली असली तर चार चमच्यांनी फारसे बिघडत नाही, खाली गेलेली असली तर त्यांनी जीव वाचतो. पण माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन लावावा. तेल्हाऱ्याहून अकोल्याला पोहोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून आधी जवळच्या दवाखान्यात साखर मोजून प्राथमिक उपचार घ्यावेत.

इन्सुलिनची कुपी आणि सुई यांचे माप एकच असावे. आपल्याकडे कुपी बहुधा ४० युनिटांची असते, तिची सुई लाल टोपणाची. १०० युनिटांची सुई नारिंगी टोपणाची. १०० युनिटांच्या कुपीतले औषध लाल टोपणाच्या सुईने खुणेपर्यंत भरले तर अडीचपट डोस जातो. फ्रीज नसेल तर कुपी प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून गार मडक्यात ठेवावी. पत्र्याच्या घरात, उन्हाच्या खिडकीत कधीच ठेवू नये.

१४ ऑक्टोबरला नागपूर, ६ डिसेंबरला मुंबई, असा प्रवास आपल्यापैकी पुष्कळ जण करतात. गर्दीत जेवणाचे ठिकाण राहत नाही, चालणे फार होते. मधुमेही उपासक-उपासिकांनी खिशात साखरेची पुडी, गोळ्यांची चिठ्ठी आणि पायात बंद चप्पल-बूट ठेवावेत, आणि सोबतच्या एका तरी माणसाला आपला आजार सांगून ठेवावा. वर्षावासात उपोसथ करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ व मात्रा बदलून घ्यावी. साखर खाली गेली तर शील मोडेल म्हणून थांबू नये. विनयात भगवंतांनी आजारी भिक्षूंना औषध म्हणून मध आणि काकवी अवेळीही घेण्याची मुभा दिली आहे. भिक्षूंना जे चालते ते गृहस्थाला का चालू नये?

शेवटी

महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्षूला बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, त्याला उचलून खाटेवर निजवले, आणि ज्याला आपली सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे भिक्षूंना समजावले. तेथेच चांगला शुश्रूषक कोण आणि सेवेला सोपा रुग्ण कोण, हेही सांगितले आहे. सोपा रुग्ण तो, जो आपला आजार वाढला तर वाढला, उतरला तर उतरला आणि तसाच असला तर तसाच, असे खरेखरे सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण म्हणजे आमच्या आजच्या तक्त्याचेच सूत्र आहे.

मात्र रुग्णाने खरे सांगावे असे वाटत असेल तर कोणीतरी त्याला विचारले पाहिजे, आणि विचारल्यावर पायाची चिंधी सोडून पाहिलेही पाहिजे. साखर मोजावी, दुखणे विचारावे, दोन्ही वेळेसह लिहून ठेवावे. हा लेख वाचून एका घरी जरी कोणी आज रात्री आपल्या वडिलांचे तळपाय दिव्याच्या उजेडात पाहिले, तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.